कांदळवनाची शोभा आणि बांधाचा खर्च

पावसाळा सरून नद्यांचे गढूळ पाणी निवळू लागले, की गोव्याच्या खाड्यांत अलीकडच्या काही वर्षांपासून एक नवे दृश्य दिसू लागते. भरतीची वेळ साधून रंगीबेरंगी, अरुंद आणि हलक्या होड्यांची एक रांग मांडवीच्या एखाद्या फाट्यातून कांदळवनात शिरते. ‘कयाक’ या नावाने ओळखली जाणारी ही होडी मूळची उत्तर ध्रुवाजवळच्या हिमप्रदेशातील. सांगाड्यावर कातडे ताणून तेथील शिकारी लोकांनी ती घडविली आणि सीलच्या शिकारीसाठी वापरली. आज ती प्लॅस्टिकची झाली असून उष्ण कटिबंधातील खाड्यांतून हौशी प्रवाशांना घेऊन हिंडू लागली आहे. तीत बसणारा माणूस जवळजवळ पाण्याच्या पातळीवरच असतो. दोन्ही टोकांना पाते असलेले एकच वल्हे तो आळीपाळीने डावी-उजवीकडे मारतो आणि वीतभर पाण्यातूनही होडी पुढे सरकते. यंत्र नाही, धूर नाही, गोंगाट नाही. चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या, फांदीवर टपून बसलेला खंड्या, आणि दैव अनुकूल असेल तर काठाकाठाने पोहणारे हुदाळे, हे सारे हाताच्या अंतरावरून पाहावयास मिळते.

या दृश्याचे केंद्र म्हणजे चोडण बेटाच्या पश्चिम टोकावरील डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आणि त्याच्या परिसरातील खाड्या. अभयारण्य १९८८ मध्ये घोषित झाले; त्याचे क्षेत्रफळ अवघे १.७८ चौरस किलोमीटर. रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की पलीकडे ते लागते. राजधानी पणजीपासून इतक्या जवळ, आणि तरीही इतके शांत असे दुसरे स्थळ सापडणे कठीण. जुगाराच्या तरंगत्या महालांनी आणि किनाऱ्यावरच्या कर्कश रात्रींनी ज्या पर्यटनाची ख्याती झाली, त्याच्या तुलनेत हे वल्ह्याचे पर्यटन कितीतरी सौम्य आणि सुसंस्कृत आहे यात शंका नाही. त्याचे स्वागतच केले पाहिजे.

तथापि स्वागत करताना एक प्रश्न विचारावयास हवा, आणि तो या होडीतील प्रवाशाला सहसा कोणी विचारीत नाही. ज्या काठालगत त्याची होडी जाते, तो काठ कोणी बांधला? डावीकडे कांदळांची दाटी आणि उजवीकडे गवत वाढलेली मातीची एक ठेंगणी भिंत. ही भिंत निसर्गाची निर्मिती नाही. तो गावचा बांध आहे. त्याच्या पलीकडे, खाडीच्या भरतीच्या पातळीहूनही खाली, भाताची शेते आहेत. किंवा कालपरवापर्यंत होती. कांदळवन पाहण्यासाठी पैसे मोजले जातात. बांधासाठी मात्र कोणीही काही मोजत नाही. या एका विसंगतीत गोव्याच्या खाडीकाठाचे सारे अर्थकारण सामावलेले आहे, आणि तिची दखल वेळीच घेतली नाही तर बांधही जाईल आणि पाहण्याजोगे कांदळवनही फार दिवस उरणार नाही.

खाजन : गावाच्या श्रमाची भूमी

समुद्राची भरती मांडवीच्या पात्रातून सुमारे ५० किलोमीटर आतपर्यंत पोहोचते. दिवसातून दोनदा खारे पाणी चढते आणि दोनदा उतरते. अशा प्रदेशात भातशेती करावयाची तर खारे पाणी अडविले पाहिजे आणि पावसाचे गोडे पाणी बाहेर काढून दिले पाहिजे. या दोन्ही गोष्टी साधणारी जी व्यवस्था गोमंतकीय शेतकऱ्याने उभी केली, तिला खाजन म्हणतात. तिची प्राचीनता विवाद्य नाही. जुन्या ताम्रपटांतही ‘खज्जन’ भूमीचा उल्लेख सापडतो. गोव्यात अशी जमीन सुमारे साडेसतरा हजार हेक्टर असल्याचा अंदाज सर्वसाधारणपणे दिला जातो. राज्याच्या चिमुकल्या आकाराच्या मानाने हे क्षेत्र लहान नाही.

खाजनाची रचना समजावून घेण्यासारखी आहे. खाडीच्या बाजूस चिखल, पेंढा आणि जांभा दगड यांचा बांध. बांधाच्या बाहेर, लाटांचा मारा झेलण्यासाठी कांदळ आणि तिवरे यांची झाडी. बांधात ठिकठिकाणी ‘मानस’ नावाची लाकडी दारे. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच दाबाने दार मिटते. ओहोटी लागली की आतील पाण्याच्या दाबाने ते उघडते आणि शेतातले जादा पाणी खाडीत जाते. माणसाने दार राखावयाचे ते केवळ नीट चालते की नाही हे पाहण्यापुरते. पावसाळ्यात आतल्या शेतांत कोरगुटसारखी खारेपणा सोसणारी भाताची जात घ्यावयाची. पीक निघाले की बेताने खारे पाणी आत घेऊन सुंगटे, शेवटे, काळुंद्रे, कुर्ल्या यांची पैदास करावयाची. काही ठिकाणी मिठागरे चालवावयाची. म्हणजे एकाच जमिनीतून भात, मासळी आणि मीठ अशी तिहेरी प्राप्ती, आणि या तिहींचा समतोल एका लाकडी दारावर अवलंबून.

समतोल म्हटला की तो राखणारी संस्था आलीच. ती संस्था म्हणजे गावकरी, पुढे पोर्तुगीज अमदानीत जिला कोमुनिदाद म्हणू लागले ती. १५२६ मध्ये पोर्तुगीज सत्तेने गावकऱ्यांच्या रूढी आणि हक्क लेखनिविष्ट केले, तेव्हाही ही संस्था जुनी होती. जमीन सामुदायिक मालकीची, ती लिलावाने कसावयास दिली जाई आणि उत्पन्नातून बांधबंदिस्तीचा खर्च आधी बाजूला काढला जाई. मानशीवर मासे पकडण्याच्या हक्काचाही लिलाव होई. पण दार केव्हा उघडावयाचे, जाळे कोणत्या तिथींना लावावयाचे, शेतात पीक उभे असताना काय वर्ज्य, हे नियम गावाचे असत. फोंडा तालुक्यातील काही गावांत पौष अमावास्येच्या सुमारास अद्यापही मातीची मगर करून तिची पूजा केली जाते. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरींचे वास्तव्य आहे. तिला बांधाची राखणदार मानणाऱ्या या प्रथेत एक व्यावहारिक सत्य दडलेले आहे. बांध हा कोणा एकाचा नसतो, आणि म्हणून त्याला राखण लागते.

राखणदार नाहीसा होतो तेव्हा

बांध ही अर्थशास्त्राच्या परिभाषेत सार्वजनिक वस्तू आहे. शंभर शेतकऱ्यांच्या शेतांना एकच बांध राखतो. त्यांपैकी एकाने दुरुस्तीचा वाटा दिला नाही तरी त्याचे शेत कोरडेच राहते, म्हणून न देण्याचा मोह प्रत्येकास होतो. आणि सर्वांनीच तो मोह आवरला नाही तर एका अमावास्येच्या भरतीला बांधास खांड पडते आणि शंभरांची शेते एकदम बुडतात. अशा सामायिक संपत्तीचा नाश अटळ आहे, असे मत गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडले होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या सिंचनसंस्था, कुरणे आणि मत्स्यक्षेत्रे अभ्यासून त्याचे खंडन केले. लोक स्वतः नियम करतात, देखरेख ठेवतात आणि दंडही करतात तेथे सामायिक संपत्ती शतकानुशतके टिकते, हा त्यांचा निष्कर्ष. त्याबद्दल २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गोव्याची गावकरी ही त्या निष्कर्षाची जिवंत साक्षच होती.

ही व्यवस्था विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात का ढासळली, याचे उत्तर एका वाक्यात देता येणार नाही. मुक्तीनंतर १९६४ मध्ये कूळ कायदा आला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानण्यात आले. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने हे पाऊल आवश्यक होते. कोमुनिदादीचे लाभ ज्या मोजक्या घराण्यांपुरते सीमित होते, त्यांच्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. पण जमीन कुळाकडे गेली तेव्हा बांध कोणाकडे गेला? तो कुळांच्या संघटनांकडे सोपविण्यात आला. या संघटनांपाशी ना जुन्या संस्थेचा वचक होता, ना पुरेसा निधी. मानशीच्या लिलावाचे उत्पन्न हेच पुष्कळ ठिकाणी त्यांचे मुख्य साधन ठरले. लिलाव घेणाऱ्या ठेकेदाराला मासळी हवी. मासळीसाठी दार अधिक काळ उघडे राहणे त्याच्या हिताचे. आणि दार उघडे राहिले की खारे पाणी भाताच्या मुळाशी. ज्या उत्पन्नातून बांध राखावयाचा तेच उत्पन्न शेत नासवू लागले.

याच सुमारास भातशेतीही आतबट्ट्याची होत गेली. मजुरी वाढली; तरुण मंडळी नोकरीसाठी पणजी, मुंबई, आखात आणि युरोप येथे पांगली; स्वस्त धान्याच्या दुकानात तांदूळ मिळू लागला. तुकड्यातुकड्यांच्या शेतातून निघणाऱ्या कोरगुटासाठी गुडघाभर चिखलात उतरणार कोण? त्यात खनिज वाहून नेणाऱ्या बार्जेसची भर पडली. मांडवी आणि जुवारी यांच्या पात्रांतून, आणि पावसाळ्यात कुंभारजुव्याच्या कालव्यातून, अवजड बार्जेस सतत ये-जा करीत. त्यांच्या लाटांनी बांध झिजल्याच्या तक्रारी गावोगाव होत्या. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे मर्यादित प्रमाणात सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. या चढउतारांत खाणमालकांच्या आणि बार्जमालकांच्या नुकसानीची चर्चा भरपूर झाली. बांधांच्या नुकसानीचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही.

दोन प्रकारची कांदळवने

बांधास खांड पडली आणि ती वेळीच बुजविली गेली नाही, की पुढे काय घडते हे पाहण्यासारखे आहे. भरतीबरोबर कांदळाच्या, झाडावर असतानाच रुजू लागलेल्या लांबट शेंगा शेतात वाहत येतात आणि चिखलात उभ्या रुततात. तिवराचे बी येते. एक-दोन वर्षांत रोपे, आठ-दहा वर्षांत दाट झाडी. भाताच्या शेताचे कांदळवन होते. वरून पाहणाऱ्याला, किंवा होडीतून जाणाऱ्याला, बांधाबाहेरची मूळची झाडी आणि बांधाआतली ही नवी झाडी यांत काडीचाही फरक दिसत नाही. अर्थ मात्र अगदी भिन्न आहे. पहिले कांदळवन बांधाचे कवच आहे. दुसरे बांध फुटल्याची खूण आहे.

कायदाही हा फरक करीत नाही. १९९१, २०११ आणि २०१९ या तिन्ही किनारा नियमन अधिसूचनांनी कांदळवनास उच्च दर्जाचे संरक्षण दिले, आणि ते योग्यच होते. २०११ च्या अधिसूचनेत तर गोव्यातील खाजन जमिनींचे नकाशे करावेत, त्यांच्यासाठी व्यवस्थापन आराखडा तयार करावा आणि तेथे बांधकाम-विकासाला परवानगी देऊ नये, असे स्वतंत्रपणे नमूद केले होते. पण शेतात एकदा झाडी उभी राहिली की ती तोडता येत नाही, आणि ती तोडल्याविना शेत परत मिळत नाही. परिणामी ज्या शेतकऱ्याच्या पूर्वजांनी बांधाबाहेर कांदळ जपले, तोच आज शेतात कांदळाचे रोप दिसताच ते घाईघाईने उपटतो. दोन वर्षे उशीर झाला तर आपली जमीन सातबारावर वा ‘एक-चौदा’च्या उताऱ्यावर तेवढी उरेल, हे त्याला कळून चुकले आहे. संरक्षणाच्या कायद्याने संरक्षकालाच विरोधक बनवावे, ही स्थिती कोणत्याही दृष्टीने हितावह नाही.

आकडेवारीनेही या बाबतीत दिशाभूल होऊ शकते. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०११ च्या अहवालात गोव्याचे कांदळवन २२ चौरस किलोमीटर दाखविले होते. २०२१ च्या अहवालात ते २७ झाले. देशाची एकूण बेरीज त्या वर्षी ४,९९२ चौरस किलोमीटर होती. वाढ झाली म्हणून समाधान मानणे साहजिक आहे आणि वन खात्याने केलेल्या लागवडीचाही तीत वाटा आहे. पण उपग्रहाच्या चित्रात बुडालेले भातशेतही हिरवेच दिसते. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ‘मिष्टी’ ही योजना सुरू केली. नऊ राज्ये आणि चार केंद्रशासित प्रदेशांत सुमारे ५४० चौरस किलोमीटर क्षेत्रावर कांदळवनाची लागवड आणि पुनरुज्जीवन करण्याचा तिचा उद्देश आहे. उद्देश स्तुत्य. मात्र यश केवळ चौरस किलोमीटरमध्ये मोजावयाचे ठरले, तर फुटलेला प्रत्येक बांध हे त्या मोजणीत यशच ठरेल.

याचा अर्थ बांधाआतली कांदळवने निरुपयोगी, असा मुळीच नव्हे. माशांच्या पिलांना तेथे आसरा मिळतो, गाळ धरला जातो, कर्ब साठविला जातो, वादळी लाटांचा जोर मोडतो. शिवाय जगाच्या समुद्राची सरासरी पातळी २००६ ते २०१८ या काळात वर्षाला ३.७ मिलिमीटर या वेगाने वाढली, असे हवामानबदलाविषयीच्या आंतरसरकारी मंडळाच्या सहाव्या अहवालात नोंदले आहे. चढत्या समुद्रापुढे प्रत्येक बांध टिकविता येईल, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. कोणता बांध राखावयाचा आणि कोणते शेत कांदळवनाला सोडून द्यावयाचे, हे कधीतरी ठरवावेच लागणार आहे. आज ते कोणीच ठरवीत नाही. भरती ठरविते.

पर्यटकाचा रुपया कोठे जातो

या पार्श्वभूमीवर वल्ह्याच्या होडीकडे पुन्हा पाहिले पाहिजे. पर्यटक होडीचे भाडे देतो, मार्गदर्शकाचा मोबदला देतो, हॉटेलचे बिल देतो आणि त्यावरचा करही भरतो. हा पैसा होडीच्या मालकाकडे, हॉटेलकडे आणि सरकारच्या तिजोरीत जातो. त्यांपैकी कोणाचेच हात बांधाच्या चिखलाला लागत नाहीत. ज्या शांत, उथळ, लाटारहित पाण्यासाठी पर्यटक येतो, ते पाणी शांत राहते त्यात त्या बांधाचाही वाटा आहे. बांधाआडची ओली शेते, त्यांत उतरणारे पक्षी, मानशीपाशी जमणारी मासळी आणि तिच्या मागे येणारे हुदाळे, हेही त्याच दृश्याचे भाग आहेत. वस्तू विकली जाते, पण तिच्या उत्पादनखर्चाचा एक मोठा भाग विक्रेत्याच्या वहीत नोंदलाच जात नाही. अशी वस्तू स्वस्त वाटते, तिची मागणी वाढते, आणि तिचा आधार आतून पोखरला जातो.

येथे एक गोष्ट कयाकच्या बाजूने आवर्जून नमूद केली पाहिजे. यंत्रचलित नौका वेगाने गेली की तिच्या लाटा बांधावर आदळतात. वल्ह्याच्या होडीने असे काही होत नाही. बांधाच्या दृष्टीने पाहिले तर पर्यटकाला खाडीत नेण्याचे याहून निरुपद्रवी साधन नाही. धोका आहे तो होडीच्या पाठोपाठ येणाऱ्या गोष्टींचा. आधी होडी, मग होडीसाठी धक्का, धक्क्यासाठी रस्ता, रस्त्यासाठी भराव आणि भरावावर विश्रामगृह. खाजनाची पडीक जमीन ‘निरुपयोगी’ म्हणून दाखविता आली की या साखळीचा शेवटचा दुवा जोडणे सोपे जाते. २०१९ च्या अधिसूचनेने अतिसंवेदनशील पट्ट्यातही मंजूर आराखड्यानुसार कांदळवनातील पायवाटा, झाडांवरील झोपड्या यांसारख्या ‘निसर्ग पर्यटना’ला वाट ठेवली आहे. ती वाट किती रुंद होते, याकडे डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे. बांध फुटून पडीक झालेल्या शेताला पर्यटनाचे मूल्य चढले, तर बांध फुटण्यात कोणाचे तरी हित निर्माण होते. असे हित एकदा निर्माण झाले की बांधाला राखणदार मिळणे आणखी कठीण.

हा प्रश्न केवळ गोव्याचा आहे असेही नाही. रायगड जिल्ह्यात अलिबाग, पेण या बाजूच्या खारेपाटात हीच कथा थोड्या वेगळ्या शब्दांत सांगता येईल. तेथेही जुन्या काळी खारबंदिस्ती राखणाऱ्या शिलोत्र्यांची परंपरा होती; पुढे १९४८ आणि १९७९ च्या खारभूमी कायद्यांनी ती जबाबदारी सरकारकडे घेतली. बांध फुटलेल्या शेतांत तिवरे वाढली आणि शेतकरी हतबल झाला, हे तेथील गावांचेही गाऱ्हाणे आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात कांदळवनांच्या नाशाला घटनेच्या २१ व्या कलमाखालील हक्कांचा भंग मानले. त्या निकालाचे महत्त्व निर्विवाद आहे. पण बांध कोणी राखावयाचा, हा प्रश्न त्यानंतरही उरतोच.

उलटपक्षी सिंधुदुर्गातून एक आशादायक उदाहरणही घेता येते. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ या महिला बचत गटाने २०१७ मध्ये कांदळवन सफर सुरू केली. होडी गटाची, वल्हे महिलांच्या हाती आणि झाडांची माहितीही त्याच सांगणार. खाडीचे उत्पन्न खाडीकाठच्या घरात जाऊ शकते, आणि ज्या घरात ते जाते त्या घराला झाड तोडले जाऊ नये असे वाटू लागते, हे या प्रयोगाने दाखविले. महाराष्ट्र सरकारने त्याच वर्षी कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आखून हे तत्त्व धोरणाच्या पातळीवर मान्य केले. गोव्याला यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

बांधपट्टीचा विचार

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट म्हणजे खाडीत उतरणाऱ्या प्रत्येक पर्यटक-होडीवर, फेरीमागे एक ठराविक रक्कम ‘बांधपट्टी’ म्हणून आकारावी. ती राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत जाऊ नये. कारण तिजोरीत गेलेला पैसा आणि खाडीत गेलेले पाणी यांना ओळख उरत नाही. ज्या गावाच्या बांधालगत होडी जाते, त्या गावाच्या बांधनिधीत ती जमा व्हावी आणि जमाखर्चाचा कागद दरवर्षी पंचायतीच्या फळ्यावर लागावा. यंत्रचलित नौकेवर हीच पट्टी कितीतरी अधिक असावी. तिच्या लाटांचा खर्च तिनेच सोसावा.

दुसरी गोष्ट, बांधनिधी चालविणारी संस्था. जुनी कोमुनिदाद जशीच्या तशी परत आणणे शक्य नाही आणि इष्टही नाही. कुळे, मूळ गावकरी, मानशीवर मासे धरणारे आणि होड्या चालविणारे, या सर्वांचे प्रतिनिधित्व असलेली एक समिती प्रत्येक खाजनासाठी असावी. मानशीचा लिलाव याच समितीने करावा आणि दार उघडण्याच्या वेळा कराराच्या अटींत लिहाव्यात. अट मोडणाऱ्याचा ठेका रद्द होईल एवढा अधिकार तिला असावा. नियम ज्यांना पाळावयाचे आहेत त्यांनीच ते करावेत, हा जुन्या गावकरीचा गाभा होता. तो टिकविला तर बाह्य स्वरूप बदलल्याने काही बिघडणार नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आणि म्हणून सर्वांत निकडीची. खाजनांचे वर्गीकरण झाले पाहिजे. जेथे खांड अलीकडची आहे आणि रोपे कोवळी आहेत, तेथे बांध बुजविण्यास आणि शेत मोकळे करण्यास तातडीने व कायदेशीर परवानगी मिळावी. जेथे झाडी जुनी आणि दाट झाली आहे, तेथे ती तशीच राहू द्यावी. मात्र ज्यांची शेते त्या झाडीखाली गेली त्यांना बांधपट्टीतून आणि वनसंवर्धनाच्या निधीतून वार्षिक मोबदला मिळावा. समाजाला कांदळवन हवे असेल तर त्याची किंमत समाजाने द्यावी. ती एकट्या कुळाच्या माथी मारू नये.

पट्टी लावली तर पर्यटक पाठ फिरवतील, अशी भीती घातली जाईल. विमानाने येणारा आणि हॉटेलात उतरणारा प्रवासी होडीच्या फेरीमागे थोडी अधिक रक्कम द्यावी लागली म्हणून परत जाईल, हे संभवनीय वाटत नाही. गेलाच, तर खाडीतील गर्दी थोडी कमी होईल, १.७८ चौरस किलोमीटरच्या अभयारण्याशेजारी तीही वाईट गोष्ट नाही. खरी अडचण वेगळी आहे. गोळा झालेला पैसा बांधापर्यंत पोहोचेल का, अशी शंका लोक घेतील आणि आजवरचा अनुभव पाहता ती अनाठायी म्हणता येणार नाही. म्हणूनच निधी गावाचा, हिशेब उघडा आणि काम डोळ्यांसमोर, या तीन अटींवर तडजोड होता कामा नये.

सुदैवाने निसर्गानेच एक सोय करून ठेवली आहे. होड्यांचा हंगाम आणि बांधाच्या डागडुजीचा हंगाम एकच, पाऊस थांबल्यापासून पुन्हा पाऊस लागेपर्यंतचा. ज्या महिन्यांत पट्टी गोळा होईल त्याच महिन्यांत ती खर्चीही पडू शकेल, आणि होडीतून जाणाऱ्या प्रवाशाला आपला पैसा चिखलाच्या पाट्यांतून बांधावर चढताना दिसेल. एका पावसाळ्यापूर्वी, एखाद्या गावात, एका मानशीपुरता जरी हा प्रयोग झाला, तरी त्याचा गुणदोष ताबडतोब कळेल. मृगाचा पाऊस आणि अमावास्येची भरती एकाच रात्री येतात तेव्हा बांधाची परीक्षा होते, आणि त्या परीक्षेचा निकाल सकाळी सगळ्या गावाला दिसतो.